आईचा गुलाबी स्वेटर

आई गेल्यावर वडिलांनी थोरलीला एकच काम सांगितलं. "तू दिवसभर कॉम्प्युटरवर रंगांशीच खेळतेस ना? मग या काळ्या-पांढऱ्या फोटोतला आईचा स्वेटर गुलाबी करून दे."

वेबसाइट सजवण्यात थोरलीचा हातखंडा होता. तिने फिका गुलाबी भरला, मग त्यात जरा पिवळा मिसळला, मग राखाडी.

"छे, हा नव्हे," वडील म्हणत राहिले.

"मग कसा होता, बाबा? सांगा तरी."

ते स्क्रीनकडे डोळे लावून बसले. शेवटी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असू दे, पोरी. हाच होता."

ते तिचं मन राखताहेत, हे तिला कळलं. पण पुढचा रंग तिला सुचेना. तिने फोटो सेव्ह केला.