मनीची जागा

“हात खाली,” म्हणत मी ठमीचं मनगट हवेतच धरलं. सहाव्या दिवसाची सकाळ होती आणि तिचा हा चौथा हल्ला.

ती रडली नाही. माझ्या डाव्या भुवईकडे टक लावून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मनी आली?”

“आली. पण झोपलीय. उठवायची नाही.”

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. “वर्षभर लेकरू जवळ येत नाही म्हणून डोळे गाळलेस. आता येतंय तर हात धरून ठेवतेस. धन्य आहे बाई तुझी.”

मी बेकरीत भट्टीवर काम करते. गेल्या वर्षी भट्टीचं दार उघडताना भपकन जाळ बाहेर आला. डोळा वाचला, डावी भुवई गेली. जखम भरली, पण कातडी बशीसारखी गुळगुळीत झाली आणि तिथे केस उगवेनात. लोकांना वाटायचं, मला आरशाचं दुःख आहे. आरशाशी मी केव्हाच जमवून घेतलं होतं.

दुःख निराळं होतं. ठमी अगदी तान्ही असल्यापासून माझ्या डाव्या भुवईवर बोट फिरवत झोपायची. आधी केसांच्या दिशेने, मग उलट, मांजर कुरवाळावं तशी. बोलायला लागल्यावर तिनेच त्या भुवईचं नाव मनी ठेवलं. इस्पितळातून मी घरी आले त्या दुपारी तिचं बोट सवयीने वर गेलं, चट्ट्यावरून घसरलं आणि थांबलं. “मनी गेली,” ती म्हणाली, आणि उठून आजीच्या कुशीत जाऊन झोपली. तेव्हापासून तिची झोप तिथेच. उजवी भुवई मी कितीदा पुढे केली, पण बाईसाहेबांनी तिला साधी ओळख दाखवली नाही.

डॉक्टरांनी वर्षभर थांबायला लावलं. मग मी कातडीत रंग गोंदून भुवया कोरणाऱ्या बाईकडे गेले. बुटकी, चष्म्यातून वर बघणारी, गणिताच्या मास्तरणीसारखी बाई. सुईने एकेक केस रेखताना ती चकार शब्द बोलली नाही. काम झाल्यावर मात्र बोलायची थांबेना. दहा दिवस भुवईला पाणी नाही, वाफ नाही, घाम नाही. म्हणजे भट्टीवर जायचंच नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नुसतं टिपायचं. मलम तांदळाच्या दाण्याएवढं. झोपायचं उताणं. खपल्या धरतील, जीव जाईल इतक्या खाजतील, त्या आपल्या आपण पडू द्यायच्या. खपली ओढली गेली तर तिच्याबरोबर रंगही जातो.

“कोरणं माझं काम, टिकवणं तुमचं,” ती म्हणाली. “जळलेल्या कातडीवर रंग मुळात कसाबसा बसतो. एकदा गेला तर पुन्हा धरेलच असं मी सांगणार नाही. घरात लहान मूल आहे?”

“आहे.”

“मग दहा दिवस त्याला तोंडाजवळ घेऊ नका.”

मी मान डोलावली. आणखी काय सांगणार होते तिला?

त्या सहाव्या दिवशी दुपारी सासूबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. ठमीला आजीशिवाय झोप येईना. भुणभुण करून दमली, तेव्हा मी तिला पलंगाच्या कडेला भिंतीशी निजवलं, मधे दोन उशा उभ्या केल्या आणि अलीकडे उताणी पडले. खाजेपायी दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. कधी झोप लागली कळलंच नाही.

जाग आली तेव्हा उशा पायाशी गेल्या होत्या. ठमीचा श्वास माझ्या गालावर येत होता आणि तिचं बोट माझ्या डाव्या भुवईवर होतं. ती गाढ झोपली होती.

मी श्वाससुद्धा जपून घेतला. तिचा हात हलवला तर नख ओढलं जाणार. तसाच ठेवला तर खालची खपली ओली होणार. जेवल्यावर तिचे हात धुतले होते ना? धुतले होते, साबणाने, मीच. पण त्यानंतर तिने काय काय धरलं? चेंडू, भिंत, बाबाची चप्पल. मी उजवा हात इंचाइंचाने वर आणला आणि तिच्या मनगटाभोवती बोटं धरली. आता फक्त उचलायचं होतं.

“मनी,” ती झोपेतच पुटपुटली. बोट हललं, आधी केसांच्या दिशेने, मग उलट. मुंगी चालावी तसं काहीतरी कपाळावर सुटं झालेलं मला कळलं.

मी तिचं मनगट सोडलं.

किती वेळ गेला कोण जाणे. कुलूप उघडल्याचा आवाज झाला. सासूबाई दारात आल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आम्हाला पाहून मिटलं. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, आल्या पावली मागे फिरल्या आणि दार अलगद ओढून घेतलं. सुजल्या गालाने त्या जिन्यावर बसून राहिल्या, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं.

ठमी उठली तेव्हा तिच्या बोटाच्या टोकाला तपकिरी खपली चिकटली होती. पुढचे चार दिवस मी डोळ्यात तेल घालून बघत होते: लाली, सूज, पू, ताप. यातलं काही झालं नाही. राहिलं ते एवढंच, की भुवईच्या मधोमध वाटाण्याएवढी जागा कोरी पडली.

महिन्याने रंगाचा दुसरा हात देऊन घ्यायला गेलो. सासूबाई ठमीला मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. भुवयावालीने दिवा जवळ ओढला आणि भिंग धरलं.

“हे कुणी केलं?”

सासूबाई छताकडे बघू लागल्या.

“बजावून सांगितलं होतं.” तिने उसासा टाकला. “बाकीचं छान धरलंय. एवढं भरून बघू. बसला रंग तर बसला.”

“बाकीचं पक्कं करा,” मी म्हणाले. “तेवढं राहू द्या.”

“अहो, दिसेल ते.”

“दिसू दे,” कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या.

तिने चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग ठमीकडे, ठमीच्या हाताकडे. पेन्सिलीला टोक केलं. आणि सुई चुकून आत जाऊ नये म्हणून त्या कोऱ्या जागेभोवती एक बारीक गोल काढला.