वर्तुळातला ठिपका

बारावीच्या वर्गाला जीवशास्त्राच्या बाईंनी घरचा अभ्यास दिला होता. घरातल्या तीन पिढ्यांची वंशावळ काढायची, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. एखादा आनुवंशिक गुण निवडायचा आणि तो ज्याच्यात असेल त्याची आकृती काळी करायची. धाकटीनं गालावरची खळी निवडली. सोपं काम, अर्ध्या तासात उरकेल, असं तिला वाटलं.

ती धाकटी होती, कारण तिच्यावर दादा होता. दोन वर्षांपूर्वी, अठराव्या वर्षी, तो गेला. हाक मात्र तीच राहिली.

खळी शोधायला तिनं आईचे जुने फोटो काढले. एकात मामा होता, आईचा एकुलता भाऊ, सोळाव्या वर्षी गेलेला. खुर्चीत बसलेला, हात काडीसारखे, आणि पोटऱ्या मात्र फुगीर, टणक. धाकटी बघतच राहिली. तेल चोळताना दादाच्या तशाच पोटऱ्या तिच्या हाताला लागायच्या.

घरात सांगितलं जायचं ते वेगळंच होतं. दादा चार वर्षांचा असताना जिन्यावरून पडला. आई तेव्हा गच्चीत कपडे वाळत घालत होती. त्यानंतर त्याचे पाय सुधारलेच नाहीत. पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणारी आत्या दर भेटीत म्हणायची, "हिचं लक्ष असतं तर पोरगं आज चालत असतं." आई मान खाली घालायची. बाबा मध्ये पडायचे नाहीत.

धाकटीनं खळी खोडली. दोन चौकोन काळे केले, मामाचा आणि दादाचा, तो कागद बाईंपुढे ठेवला, आणि पोटऱ्यांचं, जिन्याचं सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. "पडल्यानं हा आजार होत नाही गं. स्नायूच कमजोर होत होते, म्हणून तो पडला असणार." मग आईच्या वर्तुळात त्यांनी पेन्सिलीनं बारीक ठिपका दिला. "ही वाहक. तिला स्वतःला काही नाही, पण तिच्याकडून मुलाकडे जाऊ शकतं."

"आणि मुलीकडे?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "शक्यता निम्मी. अठरा पूर्ण झाली की रक्त तपासता येतं. तपासायचं की नाही, ते तू ठरवायचंस."

ती घरी आली तेव्हा आई इस्त्री करत होती.

"आई, दादा पडला म्हणून तसा झाला नव्हता."

आईनं इस्त्री उभी ठेवली. "ठाऊक आहे. तो सहा वर्षांचा असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"चौदा वर्षं झाली! आत्या तोंडाला येईल ते बोलते आणि तू ऐकून घेतेस?"

"खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न तुझा आला असता. तू तीन वर्षांची होतीस. लोकांनी तुझ्याकडे त्या नजरेनं बघायला नको होतं. तो पडल्याचा दोष कसा, माझ्यापाशीच संपतो." ती पुन्हा शर्टाची कॉलर सरळ करू लागली. "तुझ्या बाबांनाही मीच गप्प बसवलं."

धाकटीला राग आला आणि रडूही आलं. "मी आत्याला सांगणार आहे."

आईनं शर्टाची घडी घातली. "सांग. पण भांडू नकोस."

आत्यानं मशीन थांबवून सगळं ऐकलं. दोनदा विचारलं, "नक्की?" संध्याकाळी ती घरी आली आणि दारातच उभी राहिली. "अगं, एकदा तरी माझं तोंड बंद करायचंस."

"आत या, वन्सं," आई म्हणाली. आत्या आली, पण बोलणं काही जमलं नाही. जाताना तिनं आईचा हात धरला आणि सोडताना तिला अवघड झालं. त्या दिवसापासून ती जिन्याचं नाव काढत नाही. आईनं तिला माफ केलं की नाही, हे धाकटीनं कधी विचारलं नाही.

अठरावा वाढदिवस झाला आणि धाकटीनं रक्त दिलं. महिन्याभरानं निकाल आला. तीही वाहक होती. डॉक्टरांनी नीट समजावलं: वाहक बाईच्या हृदयावरही कधीकधी परिणाम होतो, म्हणून अधूनमधून ते तपासून घ्यायचं, आणि मूल हवंसं वाटेल तेव्हा आधी येऊन भेटायचं.

बाहेर बाकावर बसल्यावर आईचा धीर सुटला. "माझ्याकडून आलं तुला."

"तुला आजीकडून. तिला आणखी कुणाकडून. कुणी मुद्दाम दिलंय का?" धाकटीनं तिच्या हातात रुमाल दिला. 

"मामा कसा होता गं?" तिनं विचारलं. हा प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारलाच नव्हता.

आईनं डोळे पुसले. "भारी खोडकर. खुर्चीत बसून शीळ घालायचा आणि पोस्टमन वळून बघायला लागला की माझ्याकडे बोट दाखवायचा." तिनं ओठ गोल करून बघितले. नुसती हवाच निघाली. तिनं पुन्हा प्रयत्न केला.