मुरलेला चहा

वाळवीचं औषध एक दिवस आधीच मारायचं होतं, तर तसं सांगायला तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं, साहेब? मंगळवारी येतो म्हणालात आणि माणसं पाठवलीत सोमवारी. म्हातारा दवाखान्याच्या रांगेत, घरात एकटी म्हातारी. “आजी, बाजूला व्हा,” म्हणत त्यांनी खोलीभर फवारलं आणि निघून गेले.

खोलीत वेताच्या मांडणीवर चिनी चहा होता. थाळीएवढ्या दाबलेल्या चकत्या, नुसत्या कागदात गुंडाळलेल्या. म्हातारा जन्मभर जहाजाच्या इंजिनाला तेल घालत फिरला. बाकीचे बंदरात उतरून दारू आणायचे, हा चहा आणायचा. हा चहा डब्यात कोंडला की संपला. त्याला हवा लागते, वर्षं लागतात, तेव्हा कुठे कडूपणा जाऊन गोडी मुरते. पण हवेतला वासही तो पिऊन टाकतो. म्हणून या घरात कांदासुद्धा दार लावून चिरला जायचा.

घरी परतल्यावर म्हाताऱ्याने चकती नाकाशी धरली. काहीच नाही. हिवाळ्यातल्या तापाने त्याचं नाक नेलं होतं. हे फक्त बायकोला ठाऊक.

“बघ गं, औषधाचा वास येतोय का?”

“छे! चांगला आहे की.”

“नीट बघ.”

“नाक काय भाड्याने आणलंय मी? चांगलाय म्हटलं ना!”

त्याने चहा केला. पहिलं पाणी ओतून दिलं, दुसरं तिच्या कपात. ती हसत प्यायली. लग्नापासून ही बाई कप पुढे करून “अजून” म्हणायची. आज ती कप विसळायला उठली.

त्याने दुसरी चकती फोडली, मग सर्वांत जुनी. ती प्रत्येकीला “छान” म्हणत राहिली.

“अगं, खरं सांग. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“मला मेलीला काय कळतंय त्यातलं,” म्हणत ती खिडकी उघडायला गेली. खिडकी उघडीच होती.

तीच जुनी चकती कोटात घालून तो तुमच्या कचेरीत आला.

“आजोबा, ते औषध बिनवासाचं असतं,” तुम्ही मान वर न करता म्हणालात.

त्याने कागद उलगडला आणि चकती तुमच्या नाकाखाली धरली. तुम्ही हुंगलंत. मग खुर्ची जराशी मागे सरकवलीत.

“चहाच तर आहे.”

“ते मलाही माहीत आहे. वास कसला येतोय? घरी मला खरं कळायचं नाही. तिचा जीव आहे माझ्यावर. तुमचा नाही. बोला.”