हमखास बरे झालेले बारा जण

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर ऑपरेशन झालेले बारा पुरुष ओळीने उभे होते आणि 'हमखासवाले' म्हणून गाजलेले सर्जन हात पसरून सांगत होते, "ऑपरेशनला दहा वर्षं झाली, या बारा जणांतला एकही दगावला नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणजे घरात शिरलेला साप. आधी ठेचायचा, मग जात विचारायची." लोक टाळ्या वाजवून दमेनात.

तिसऱ्या रांगेत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची चुळबुळ थांबत नव्हती. सोमवारी त्यांचंही ऑपरेशन ठरलं होतं. फॅमिली डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गाठ लहान आहे, सगळ्यात सौम्य दर्जाची आहे, घाई नको. पण बायकोचा जीव टांगणीला लागलेला. काढून टाका एकदाचं, हा तिचा धोशा.

मध्यंतरात ते त्या बारा जणांना गाठून एकच विचारत सुटले, तुमची गाठ कुठल्या दर्जाची होती? बाराही जण म्हणाले, सगळ्यात सौम्य. शेवटचा, एक निवृत्त कंडक्टर, हळूच म्हणाला, "जिवंत आहे खरा. पण लघवी थांबत नाही, दिवसाला चार पॅड लागतात."

घड्याळजींना दुरुस्तीचं काम शिकवणारा आपला उस्ताद आठवला. तो दहा वर्षांची गॅरंटी द्यायचा, पण फक्त धडधाकट घड्याळांना. नुसतं उघडून फुंकर मारायचा. लोक म्हणत, काय हात आहे! उघडताना एखाद्याची स्प्रिंग तुटायची, त्याचं नाव मात्र कोणी काढत नसे.

मध्यंतरानंतर प्रश्नोत्तरं सुरू होताच ते उभे राहिले. "साहेब, याच दर्जाचे, पण ऑपरेशन न केलेले बारा जण दाखवा. त्यातले किती गेले?"

सर्जनसाहेब घोटभर पाणी प्यायले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

उत्तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दिलं. तेही बहुतेक सगळे जिवंत असते. असे सौम्य कॅन्सर फार सावकाश वाढतात, म्हणून नियमित रक्त तपासायचं, स्कॅन करायचा, गरज पडली तर पुन्हा गाठीचा तुकडा काढून तपासायचा. गाठ वाढू लागली किंवा तिचा दर्जा बिघडला तर मात्र उपचार टाळायचे नाहीत. आक्रमक कॅन्सरची गोष्टच वेगळी.

सोमवारचं ऑपरेशन रद्द झालं. बायकोने विचारलं, "तुम्हाला झोप लागेल का?"

"लवकर नाही लागायची," घड्याळजी म्हणाले. "पण झोप लागत नाही म्हणून कोणी ऑपरेशन करून घेतं का?"

टाळ्या वाजवण्याआधी आपणही एवढं विचारावं: काहीच केलं नसतं, तर काय झालं असतं?