मानसशास्त्रवाली सून

माह्या नातीले पाहाले आलेल्यांनी हुंडा नको म्हटलं, तवाच माह्या मनात पाल चुकचुकली.

दोन हजार चौदाची गोष्ट. वऱ्हाडात पिकाचा भरवसा राहिला नव्हता, पोरीचा बाप खाली मान घालून फिरे. अशात मुलगा अकोल्याले पाटबंधाऱ्यात कायम नोकरीवर, आपल्याच समाजाचा, हिवरखेडले पक्कं घर, अन् म्हणे आमाले काहीच नको. मी अमरावतीत राजापेठेत वीस वर्षं मेस चालवते. फुकट देणारा माणूस मी अजून पाह्यला नाही.

मध्यस्थ डोमाजी, नात्यानं माहा दीर. त्याले विचारलं, "काहून जी भाऊजी, पोरात काही खोट आहे का?"

"काय बोलता वहिनी! त्याइले शिकलेली पोरगी पायजे. मानसशास्त्रवालीच पायजे म्हणते."

"सोयरीक करून राहिले का नोकरभरती?"

माही नात माया खिदळली. ह्या पोरीनं अमरावतीच्या विद्यापीठातून मानसशास्त्रात एम. ए. केलं. सरकारी विद्यापीठ, फी कमी, हे खरं. पण पाच वर्षं तं गेली ना! हाती काय? एका शाळेत पोराइले समजवायचं काम, महिन्याचे चार हजार, उन्हाळ्यात तेही बंद. माह्याकडं पोळ्या लाटणारी सुंदराबाई पाच घेते. ज्या डिग्रीले जगात कोणी विचारलं नाही, तिले हे हिवरखेडवाले विचारत होते. मले तेच खटकलं.

"आजी, तुले सगळ्यांचाच संशय," माया म्हणे.

"तू पुस्तकातून माणूस शिकली. मी पंगतीतून."

आमच्यात पोरगी घर पाहाले जात नाही. पण त्याइचा आग्रह, मायाले आणाच. मंग मी, माया अन् डोमाजी, आमी तिघं हिवरखेडले गेलो. घरात दोघंच, मुलगा प्रीतम अन् त्याची आई सुभद्रा. बाकीचे लोक बैठक पाहतात, मी सैपाकघर पाहते. पाणी पिऊन सरळ आत गेली.

"तुमी बाहीर बसा ना बाई," सुभद्रा म्हणे.

"बसून माहे गुडघे धरतात."

खाणारे पाच, ताटं सहा. मेसवालीच्या नजरेतून ताट सुटत नसते. सहाव्या ताटात तिनं भाकर वरणात कुस्करली. संगं पाणी प्लास्टिकच्या गिलासात, आमाले मात्र स्टीलचे. घरात लहान लेकरू तं नव्हतं.

"हे कोणाचं?"

"शेजारच्या म्हातारीचं."

ताट घेऊन ती शेजारी नाही, मागच्या दारानं गेली. मीही मागं मागं.

मागं बंद दुकानाची खोली होती. आत फळ्या रिकाम्या अन् पोत्यावर पस्तीसएक वर्षांचा माणूस भिंतीकडं तोंड करून बसलेला. मले पाहून सुभद्राचा चेहरा उतरला.

"माहा मोठा, देवानंद," ती हळूच म्हणे. "बी-बियाण्याचं दुकान होतं याचं. दोन वर्षांपूर्वी सोयाबीन उगवलं नाही, गावानं दारात येऊन शिव्या देल्ल्या. मंग याच्याच दुकानातलं फवारणीचं औषध नेऊन एकानं जीव देल्ला. तवापासून हा बोलत नाही. अमरावतीचा डॉक्टर दर खेपेले आठशे घेते. म्हटलं, शिकलेली सून घरातच असली तं..."

"म्हणजे हुंडा माफ नव्हता," मी म्हटलं, "आगाऊ वळता करून घेतला होता!"

मागं वळून पाहते तं माया उभी, अन् तिच्या मागं प्रीतम. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुमाले माहीत होतं?" तिनं प्रीतमले विचारलं.

"सांगणारच होतो."

"कवा? हार घातल्यावर?" मी म्हटलं.

माया देवानंदजवळ जाऊन खाली फरशीवर बसली. ना प्रश्न, ना उपदेश. मी मनात म्हटलं, पाच वर्षं हेच शिकवलं का, गुमान बसाले? वरण थंड झालं.

मंग तो माणूस भिंतीकडंच पाहत म्हणे, "त्यानं पावती मागतली होती."

"बरं," माया म्हणे.

"पावती मागतली, म्हणून मले वाटलं फवाऱ्यालेच नेते."

सुभद्रानं पदर तोंडात कोंबला. दोन वर्षांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता.

बाहीर आल्यावर माया म्हणे, "काकू, मी डॉक्टर नाही. त्याइले औषधही लागंन. सोमवारी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात आणा, तिथं मानसिक आजाराचे डॉक्टर असतात. मी येते."

"अन् सोयरीक?" डोमाजीले राहावलं नाही.

"नाही. मी इथं सून झाली तं ते माहे जेठ होतील, नवऱ्याचे मोठे भाऊ; घरच्या सुनेजवळ मोकळं बोलतील का? मंग त्याइचं ऐकून घ्याले कोण राहीन?" मंग प्रीतमकडं पाहून म्हणे, "अन् तुमी लपवलं."

एसटीत बसलो तवा कायम नोकरीवालं स्थळ हातचं गेलं होतं, अन् मले पोरीवर रागावताही येत नव्हतं.

सोमवारी मी तिच्यासंगं अकोल्याले गेली. म्हटलं, ही भोळी, लोक हिच्याकडून फुकट काम करून घेतील. देवानंद आला, डॉक्टरनं तपासलं, माया तासभर त्याच्याजवळ बसली. मंग प्रीतमनं तिच्यासमोर पाकीट धरलं. मायानं हात मागं घेतला.

पाकीट मी घेतलं. सोयरीक झाली असती तं गोष्ट वेगळी होती. आता ना देवानंद तिचा जेठ, ना सुभद्रा तिची सासू. कामाचे पैसे घ्याले लाज कायची?