उजवी टाच

"तुझी नजर फार फिरते गं. पोटापाण्याला लागायचं असेल तर चादर उचल, चार्ट उचलू नकोस."

हे मला मावशींनी बजावलं होतं. नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करताना प्रत्यक्ष कामासाठी मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. बावीस वर्षं रुग्णांना उठवून-बसवून त्यांची स्वतःची कंबर कामातून गेली होती. त्यांचं म्हणणं असं, की आपलं काम करावं, हात धुवावेत आणि घरी जावं. कागद ज्याचे त्याला लखलाभ. मी हसले होते. पोटात लेक होती, सातवा महिना चालू होता, परीक्षेत पहिली आले होते, आणि पदवी घेतलेल्या मुलीला कागदाची कसली भीती, अशी हवा डोक्यात होती.

"मावशी, चार्ट काय चावतो का?"

"चावत नाही," मावशी म्हणाल्या, "गिळतो."

प्रमाणपत्र मिळालं, पण त्याला एक अट होती. दोन वर्षांच्या आत कुठेतरी कामाला लागल्याचा दाखला जोडला नाही, तर ते रद्द. पुन्हा कोर्स, पुन्हा परीक्षा. पहिलं वर्ष बाळंतपणात आणि लेकीच्या पहिल्यावहिल्या सर्दी-तापात गेलं. मी मुळात भित्री आई. ती झोपली की श्वास चालू आहे ना हे बघायला तिच्या नाकाशी बोट धरणारी. दुसऱ्या वर्षी मी प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि दारोदार फिरायला लागले.

सगळीकडे माणसं कमी, सगळीकडे पाटी 'पाहिजेत', आणि मी मात्र कुणालाच नको. एका दवाखान्यात अनुभव नाही म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे पदवी बघूनच तोंड वाकडं केलं, "शिकलेल्या मुली टिकत नाहीत हो." तिसरीकडच्या साहेबांनी फोल्डर उघडलाच नाही. "घरी लहान मूल आहे ना? ते आजारी पडलं की तुम्ही घरी."

"आजी आहे सांभाळायला."

"आणि आजी आजारी पडली तर?"

"मग तिची सेवा करायला घरात प्रशिक्षित माणूस आहे."

विनोद त्यांना आवडला नाही.

घरी सासूबाई वाटच बघत असायच्या. "काय, मिळालं? नाही ना? बरंच झालं. कॉलेज शिकलीस ती लोकांची ढुंगणं पुसायला का?"

"तुमच्या नातीचं रोज पुसते. हात चांगला बसलाय."

"आणि उद्या माझ्यावर वेळ आली तर?"

"रांगेत पहिला नंबर तुमचा."

त्या तोंड फिरवून हसायच्या, हे मला त्यांच्या खांद्यावरून कळायचं. नवरा यात पडत नसे. लेकीला कडेवर घेऊन तो मुद्दाम दुसऱ्या खोलीत जायचा.

सातवं ठिकाण म्हणजे वृद्धांचं निवासी केंद्र. तेव्हा प्रमाणपत्राचे सहा आठवडे उरले होते. तिथल्या मेट्रननी चष्म्यावरून मला आपादमस्तक बघितलं आणि सांगितलं, "तीन दिवस काम करून दाखवा. पसंत पडलात तर नेमणूकपत्र लगेच."

मला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे एक जुनी मदतनीस होती, तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे, कारण घड्याळाकडे न बघता ती वेळ सांगायची. एकतीस खाटा आणि आम्ही दोघी. स्पंज, डायपर, चादरी, भरवणं, आणि जे स्वतः हलू शकत नाहीत त्यांची दर दोन तासांनी कूस बदलणं. एकाच अंगावर पडून राहिलं की कातडी सडते, म्हणून प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक चार्ट अडकवलेला. किती वाजता कूस बदलली, कुठली, आणि त्वचा कशी आहे.

मावशींचं वाक्य आठवलं, तरी हात गेलाच. खिडकीजवळच्या खाटेचा चार्ट मी उचलला.

"अहो, आता कुठे दहा वाजलेत. यात चारपर्यंतच्या कुशी बदलून झाल्यात."

"मग?" घड्याळबाई उशी झटकत म्हणाली, "चार वाजणारच आहेत ना?"

ती दुष्ट नव्हती, हे सांगायलाच हवं. तिच्या मनगटांना पट्टे बांधलेले होते आणि दुपारचा चहा ती उभ्यानेच प्यायची. एकतीस जणांना दोन माणसं दर दोन तासांनी वळवू शकत नाहीत. पण तसं लिहायला चार्टवर रकानाच नव्हता.

त्या खाटेवर होत्या हेडबाई. एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पक्षाघाताच्या झटक्यात उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. डावा हात मात्र शाबूत, आणि डोळे तर असे, की मी वर्गात उशिरा आलेय असं मला वाटलं. "बाई, मी नवीन आहे," असं म्हणत मी पायाकडची चादर वर केली. उजव्या टाचेवर बाटलीच्या झाकणाएवढा लाल डाग होता.

लेकीच्या अंगावर लंगोटाची लाली उठली की मी एक करते. बोट दाबायचं, उचलायचं. कातडी क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली, तर आत रक्त फिरतंय, काळजी नाही. इथे मी बोट दाबलं, उचललं. लाल ती लालच. पुन्हा दाबलं. लालच. म्हणजे आत रक्त फिरत नव्हतं, कातडी सडायला लागली होती.

टॉवेलची घडी करून पोटरीखाली ठेवली, टाच अधांतरी केली. चार्टवर लिहिलं, 'उजवी टाच लाल. दाबल्यावर फिकी होत नाही. डॉक्टरांना दाखवावी.' दोन दिवस मी हेडबाईंची कूस बदलली ती जमली तेव्हा, आणि वेळ लिहिली ती खरी. दहा वीस. बारा पस्तीस. तीनला दहा कमी. मी दर वेळी सांगायची, "बाई, आता खिडकीकडे तोंड," आणि त्या डाव्या हाताचा अंगठा वर करायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेट्रननी खोलीत बोलावलं. टेबलावर नेमणूकपत्र होतं. त्याच्या शेजारी हेडबाईंचा चार्ट, पण कोराकरकरीत, एकाच अक्षरातला. दहा, बारा, दोन, चार. आठवडाभर एक मिनिट इकडे-तिकडे नाही. त्वचेच्या रकान्यात सात वेळा 'निरोगी'.

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहे," मेट्रन म्हणाल्या. "तुझी खाडाखोड होती, म्हणून नीट उतरवून घेतलं. तुझ्या दोन दिवसांपुढे सही कर. हात चांगला आहे तुझा, उद्यापासून कायम."

"मॅडम, यात टाच कुठे गेली?"

"कुठे जाईल? पायालाच आहे. मलम लावू की. सही कर."

खोटं कशाला बोलू, पेन मी हातात घेतलं होतं. सहा आठवडे, फोल्डर, सासूबाईंचं 'मिळालं?', सगळं डोळ्यांपुढून गेलं. एक सही. कुणाला कळणार होतं?

मेट्रननी तेच बोलून दाखवलं. "अगं, त्या बाईला स्वतःला काही कळत नाही. लागलेल्या नोकरीवर तिच्यासाठी पाणी सोडणार आहेस का?"

"कळतं की नाही, विचारून येते," मी म्हटलं आणि चार्ट उचलून चालायला लागले. मेट्रन मागून, जिन्यातली घड्याळबाई चादरी सावरत बाजूला सरकली.

मी हेडबाईंना चष्मा लावला, चार्ट त्यांच्यापुढे धरला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचली. सोमवार, त्वचा निरोगी. त्यांनी माझ्या हातातलं पेन डाव्या हाताने काढून घेतलं आणि त्या शब्दावर फुली मारली. वाकडी, थरथरती, पण मुख्याध्यापिकेची फुली. मंगळवार. फुली. बुधवार. फुली. सातही 'निरोगी' नापास. मग पेनाचं टोक माझ्या पहिल्या दिवसाच्या दहा वाजण्यावर आलं. 'दहा' खोडून त्यांनी कडेला दोन आकडे काढले, दोन आणि शून्य.

वीस. दहा वीस! समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि बाई रोज त्याच्याकडेच बघत पडलेल्या होत्या.

मी पेन मागून घेतलं. "मॅडम, आता करते सही," म्हटलं आणि फुल्यांच्या खाली, तपासणाऱ्याच्या जागेशेजारी, माझं पूर्ण नाव लिहून सही ठोकली. फोनवर त्याचा फोटो काढला, टाचेचाही, हेडबाईंनी अंगठा वर केल्यावर. पोटरीखालचा टॉवेल सारखा केला. मग मेट्रननी दार दाखवलं, ते मला आधीच दिसत होतं.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "सही केली असतीस तर आज नोकरीत असतीस."

"हो. आणि तुमच्या पायाशी अशीच सही करणारी उभी राहिली असती तर?"

त्यांनी पाय आखडून घेतले. थोड्या वेळाने लेकीला मांडीवर घेत म्हणाल्या, "माझी टाच एकदा बघ गं. आणि ती तक्रार काय ती आजच लिही, पोरीला मी भरवते."

तक्रार लिहिली. फोटो जोडले. देखरेख करणाऱ्या खात्याचं उत्तर आलं, तीस दिवसांत दखल घेऊ. कातडी तीस दिवस थांबत नाही. हेडबाईंचा एक भाचा आहे म्हणतात, तो लांब आहे आणि त्याचा नंबर मला कोणी देत नाही. मी दोनदा भेटीच्या वेळेत गेले, तर दारावरच्या माणसाकडे माझा फोटो. मावशींना फोन केला, तर म्हणाल्या, "गिळलं ना शेवटी चार्टने?"

"गिळलं," मी म्हटलं, "पण घशात अडकलेय."

त्या खूप हसल्या, मग म्हणाल्या, "अडकून राहा."

प्रमाणपत्राचे चार आठवडे उरलेत. उद्या आठवी मुलाखत. आधीचं काम का सुटलं असं विचारतील, आणि मी चार्टचा फोटो टेबलावर ठेवणार आहे. नको असेन तर नववीकडे जाईन.

मला आत सोडत नाहीत, तुम्हाला सोडतील. भेटीची वेळ चार ते सहा असते. तुमचं कोणी अशा खाटेवर असेल तर आज जा, फळं-बिळं नंतर. चादर पायाकडून उचला, टाचेवर बोट दाबा, उचला, आणि रंग बघा. आणि तिथेच खिडकीजवळ डाव्या हाताचा अंगठा वर करणाऱ्या एक बाई दिसल्या, तर त्यांचीही उजवी टाच बघून या. त्यांना विचारून. त्यांना सगळं कळतं.