थांबा असं कुणी म्हणालं नाही

"सर, ध्यान संपलं हे कळतं कसं?"

मी हे विचारणारच नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मी? हल्ली मी कुणालाही काहीही विचारते!

मामा ज्या लाँड्रीत चादरी इस्त्री करतो, तिथे वरच्या मजल्यावर कामगारांसाठी ध्यानाचा वर्ग सुरू झालाय. मामाला नव्या जागी एकटं जायला नको वाटतं, म्हणून सोबत मी, आणि माझ्यासोबत माझ्या दोन आगाऊ मैत्रिणी.

सर हसले. "संपतंय कुठे? ते चोवीस तास चालू ठेवायचं. जे होतंय ते नुसतं बघायचं. उगाच हलायचं नाही, काही बदलायला जायचं नाही."

सगळे हसले. मामा हसला नाही. त्याने शांतपणे मान डोलावली.

मामा चाळिशीचा आहे, ऑटिस्टिक आहे. त्याला कशाचीही सुरुवात सांगितली की शेवटही सांगावा लागतो. घरात आम्हाला हे पाठ आहे. सरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मामाची गुणगुण बंद झाली. ती गुणगुण म्हणजे आमच्या घरातला पंखाच, चालू असते तोवर कुणाच्या लक्षातही येत नाही. आता जेवताना प्रत्येकाचं चावणं ऐकू यायला लागलं.

आई मात्र खूश. "बघ गं, माझा भाऊ कसा शांत झालाय! झुलणं नाही, येरझाऱ्या नाहीत."

"जादूच केली सरांनी," बाबा म्हणाले.

मग एकदा दूध उतू गेलं. मामा शेगडीसमोरच उभा होता. दूध ओट्यावरून ओघळून त्याच्या पायांपाशी आलं, तरी तो नुसता बघत राहिला. "तंद्री लागते त्याला," म्हणत आईने फडकं घेतलं.

आज तो डाव्या हाताने जेवायला लागला.

"मामा, उजवा हात दाखवतोस?"

त्याने हात टेबलावर ठेवला. तळव्यावर इस्त्रीच्या यंत्राची कड उमटली होती. लालभडक, मोठ्ठा फोड आलेला.

"दुखतंय?"

"हो."

"मग हात काढला का नाहीस?"

"बघत होतो. बदलायचं नाही."

आई धावत मलम घेऊन आली. बाबा म्हणाले, "कामात भाजतं एखाद्या वेळी. रविवारी तळ्याच्या गार पाण्यात बरं वाटेल."

तळं! रविवारी सर सगळ्यांना गळ्याइतक्या पाण्यात डोळे मिटून उभं करणार होते. मामाला पोहता येत नाही. आईने त्याचा टॉवेलसुद्धा भरून ठेवला होता.

"मामा, ध्यान संपलं," मी ठासून म्हटलं. "थांब आता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू सर नाहीस."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"तुला ध्यान आवडतं तरी का?"

"आवडतं. गुणगुणत. धुण्याच्या यंत्राचा ड्रम फिरतो ना, त्याच्याकडे बघत. किती वेळ ते आधी सांगून."

इतकं साधं होतं! आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी उठले आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस ताट टाकून?" आई ओरडली.

"सरांना आणायला. ते इथे, मामासमोर बसून, स्वतःच्या तोंडाने 'थांबा' म्हणतील. येत नाही म्हणाले तर त्यांच्या दारात बसून राहीन. आणि रविवारी मामा पाण्यात उतरणार नाही. आई, बाबा, मी विचारत नाहीये. सांगतेय."